दोघांचें भांडण आणि तिसऱ्याची हानि

मराठींत 'दोघांचें भांडण आणि तिसऱ्याचा लाभ' अशी एक म्हण आहे. दोन मांजरांना लोण्याचा गोळा वांटून देणाऱ्या माकडाची गोष्ट आम्ही सर्वांनींच लहानपणीं ऐकलेली असते, आणि त्या गोष्टींतलें माकड पोट भरून घरीं जातें. परंतु इतिहास चाळूं लागलें म्हणजे या म्हणीची उलट बाजूच अधिक वेळां दृष्टीस पडते. भांडणाऱ्या दोघांमध्यें जो तिसरा पडतो, तो पुष्कळदां दोघांचाही मार खाऊन परत येतो, आणि घरीं आल्यावर त्याची विचारपूस करणारेंही कोणी नसतें. १९८७ सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस आमच्या देशानें श्रीलंकेंत सैन्य पाठविलें. १९९० च्या मार्चमध्यें तें परत आलें. आणि मधल्या बत्तीस महिन्यांत सुमारें बाराशें भारतीय सैनिक त्या बेटावर मरण पावले. त्या प्रकरणाचा विचार आज, रागलोभ पुष्कळसे निवल्यावर, शांतपणें करावा असें आम्हांस वाटतें. 'परकी फौज' हे शब्द आम्ही नेहमीं दुसऱ्यांच्या सैन्याविषयीं वापरतों. जाफन्याच्या गल्लींतून ज्या फौजेकडे लोक दाराच्या फटींतून पाहत होते, ती परकी फौज आमची होती.

भांडणाचें मूळ जुनें आहे. ४ फेब्रुवारी १९४८ रोजीं सिलोन स्वतंत्र झालें, तेव्हां तेथें बहुसंख्य सिंहली, मुख्यतः बौद्ध. उत्तरेस व पूर्वेस शतकानुशतकें नांदत आलेले तामीळ, मुख्यतः हिंदु. तामीळ बोलणारे मुसलमान. आणि मधल्या डोंगराळ भागांतील मळ्यांवर इंग्रजांनीं नेलेले भारतीय तामीळ मजूर, असा समाज होता. स्वातंत्र्याच्या पहिल्याच वर्षीं झालेल्या कायद्यानें या मजुरांपैकीं बहुतेकांना नागरिकत्वास मुकावें लागलें. १९५६ सालीं सिंहली हीच एकटी राजभाषा ठरली. ज्या तामीळ कुटुंबांनीं दोन पिढ्या इंग्रजी विद्येवर सरकारी नोकऱ्या मिळविल्या होत्या, त्यांच्या मुलांपुढें तें दार एका कायद्यानें लावून घेण्यांत आलें. भाषा आणि नोकरी यांचा संबंध मध्यमवर्गीय घरांत किती जिव्हाळ्याचा असतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. १९५७ सालीं पंतप्रधान बंडारनायके व तामीळ पुढारी चेल्वनायकम् यांनीं एक तडजोड केली. पुढल्याच वर्षीं भिक्षूंच्या व विरोधकांच्या दडपणाखालीं ती मोडण्यांत आली. १९७२ च्या राज्यघटनेनें बौद्ध धर्मास अग्रस्थान दिलें, आणि त्याच सुमारास विद्यापीठप्रवेशाचे नियम असे बदलले कीं अधिक गुण मिळवूनही तामीळ विद्यार्थ्यास बाहेर राहावें लागे. एका पिढीनें सत्याग्रह केले, निवडणुका लढविल्या, करार केले. तिच्या पदरांत कांहींच पडलें नाहीं असें पाहून पुढली पिढी बंदुकीकडे वळली.

१९८१ सालीं, मे महिन्याच्या अखेरच्या रात्रीं, जाफन्याचें सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यांत आलें. सुमारें सत्त्याण्णव हजार ग्रंथ आणि ताडपत्रांवरील जुन्या पोथ्या भस्म झाल्या. आणि जाळणाऱ्या जमावांत बंदोबस्तासाठीं आणलेले पोलिसही होते. पुढें दोन वर्षांनीं, २३ जुलै १९८३ रोजीं, तामीळ बंडखोरांनीं जाफन्याजवळ एका लष्करी गस्तीवर छापा घालून तेरा सैनिक ठार केले. त्याचा सूड कोलंबोंतील निरपराध तामीळ रहिवाशांवर घेण्यांत आला. मतदारांच्या याद्या हातांत घेऊन जमाव घरें व दुकानें हुडकीत हिंडले. वेलिकडेच्या तुरुंगांत त्रेपन्न तामीळ कैद्यांची कत्तल झाली. मृतांचा सरकारी आंकडा चारशेंच्या आंतला होता. इतरांचे अंदाज तीन हजारांपर्यंत जातात. या 'काळ्या जुलै'नंतर निर्वासितांनीं भरलेल्या होड्या पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून रामेश्वराच्या किनाऱ्यास लागूं लागल्या. शेजाऱ्याच्या घरची आग अशा रीतीनें आमच्या अंगणांत आली.

येथें भारताचा संबंध सुरू होतो, आणि येथेंच आमची पहिली चूक झाली. दिल्लीनें एका हातानें मध्यस्थी आरंभिली. कोलंबोस दूत गेले, आणि १९८५ सालीं भूतानांतील थिंफू येथें दोन्ही पक्षांस समोरासमोर बसविण्यांत आलें. दुसऱ्या हातानें आमच्या गुप्तहेर खात्यानें तामीळ तरुणांच्या निरनिराळ्या संघटनांना आमच्याच भूमीवरील छावण्यांतून शस्त्रविद्या शिकविली व शस्त्रें पुरविलीं. पंचानें एका पक्षकारास मागल्या दारानें लाठी द्यावी, आणि पुढल्या दारानें येऊन दोघांनाही सलोख्याचा उपदेश करावा, असा हा प्रकार होता. अशा पंचावर ज्यास लाठी मिळाली नाहीं त्याचा विश्वास बसत नाहीं, हें उघड आहे. परंतु ज्यास ती मिळाली त्याचाही बसत नाहीं. कारण हा पंच दोन जिभांनीं बोलतो, हें त्यालाच सर्वांत आधीं ठाऊक असतें.

या संघटनांत 'लिबरेशन टायगर्स ऑफ तामीळ ईलम', म्हणजे ज्यांना लोक नुसते 'वाघ' म्हणत, ते पुढें सर्वांवर वरचढ झाले. १९७६ सालीं स्थापन झालेल्या या संघटनेचा पुढारी वेलुपिल्लै प्रभाकरन् हा वल्वेट्टित्तुरै या समुद्रकांठच्या गांवचा. त्याच्या अनुयायांच्या गळ्यांत सायनाईड या जहाल विषाची कुपी असे. पकडले गेल्यास ती चावून मरावें, असा नियम होता. सिंहली सैन्याशीं ते जितक्या निष्ठुरपणें लढले तितक्याच निष्ठुरपणें त्यांनीं इतर तामीळ संघटनांचा निकाल लावला. १९८६ च्या मे महिन्यांत 'टेलो' या संघटनेच्या पुढाऱ्यास त्यांनीं ठार केलें व तिच्या तरुणांची कत्तल केली. वर्ष संपण्याच्या आंत 'ईपीआरएलएफ' या दुसऱ्या संघटनेवर तोच प्रसंग आला. तामीळांच्या नांवानें बोलण्याचा हक्क आपला एकट्याचा, अशी त्यांची धारणा होती. जो दुसरा बोलेल तो द्रोही. गाऱ्हाणें खरें असलें म्हणजे तें मांडणाराही न्यायी असतोच असें नाहीं, ही गोष्ट दिल्लीच्या लक्षांत यावयास हवी होती. ती आली नाहीं, किंवा आली तरी तिची कोणी पर्वा केली नाहीं.

१९८७ च्या मे महिन्यांत श्रीलंकेच्या सैन्यानें जाफन्याच्या द्वीपकल्पावर मोठी चढाई केली. तेथील उपासमारीच्या वार्तांनीं तामीळनाडूंत क्षोभ उसळला. ३ जून रोजीं भारतानें धान्य व औषधें घेऊन होड्यांचा तांडा पाठविला. श्रीलंकेच्या आरमारानें तो अडवून परत लाविला. दुसऱ्याच दिवशीं आमच्या विमानांनीं, लढाऊ विमानांचा पहारा घेऊन, जाफन्यावर सुमारें पंचवीस टन सामुग्री छत्र्यांनीं खालीं टाकली. त्या धान्यानें किती पोटें भरलीं हा प्रश्न गौण होता. पंचवीस टनांचा निरोप राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांस नीट पोंचला, आणि दोन महिने पुरे होण्याच्या आंत, २९ जुलै १९८७ रोजीं, कोलंबो येथें राजीव गांधी व जयवर्धने यांनीं करारावर सह्या केल्या.

करार कागदावर वाईट नव्हता. श्रीलंका हें अनेक वंशांचें व अनेक भाषांचें राष्ट्र आहे हें त्यांत मान्य केलें होतें. उत्तर व पूर्व हे दोन प्रांत तूर्त एक करून त्यांस निवडलेली सभा द्यावयाची, व हें ऐक्य टिकवावें कीं नाहीं तें पूर्वेच्या लोकांच्या मतानें पुढें ठरवावयाचें होतें. तामीळ भाषेस राजमान्यता मिळावयाची होती. बंडखोरांनीं शस्त्रें खालीं ठेवावयाचीं होतीं, आणि सिंहली सैन्यानें आपल्या छावण्यांत परतावयाचें होतें. या सर्वांस भारताची हमी होती. न्यून एकच होतें, पण तें मुळावरचें होतें. ज्यांनीं शस्त्रें खालीं ठेवावयाचीं, त्या वाघांची या करारावर सही नव्हती. प्रभाकरनला दिल्लीस आणून एका हॉटेलांत पहाऱ्यांत ठेवलें होतें. तेथें त्याचें मन वळविण्याचा प्रयत्न झाला. परत गेल्यावर ४ ऑगस्टला जाफन्याजवळ सुदुमलै येथें त्यानें हजारों लोकांपुढें भाषण केलें, आणि भारतासारख्या प्रबळ राष्ट्राशीं लढण्याची इच्छा नसल्यामुळें आम्ही शस्त्रें देतों, परंतु ईलमचें ध्येय सोडीत नाहीं, अशा आशयाचें सांगितलें. ज्यास कान होते त्यास त्या भाषणांत पुढच्या सर्व गोष्टी ऐकूं येत होत्या.

दुसऱ्या बाजूची संमतीही तितकीच पोकळ होती. कराराच्या दिवशीं कोलंबोंत संचारबंदी होती, आणि दंगेखोरांवर गोळ्या झाडल्या जात होत्या. दुसऱ्या दिवशीं राजीव गांधी मानवंदना स्वीकारीत असतां रांगेंतील एका सिंहली नाविकानें बंदुकीच्या दस्त्याचा घाव त्यांच्यावर घातला. तो डोक्यावर न बसतां खांद्यावर निसटला म्हणून अनर्थ टळला. ज्याच्या संरक्षणाची हमी द्यावयास पाहुणा आला, त्याच्याच पहारेकऱ्यानें पाहुण्यावर हात उचलावा, यापेक्षां स्पष्ट शकुन कोणता असूं शकेल? परंतु त्याच दिवसांत आमच्या पलटणी पलालीच्या विमानतळावर उतरत होत्या, आणि जाफन्याचे लोक त्यांच्या गळ्यांत हार घालीत होते. जयवर्धने यांचेंही त्यांत साधलें. दक्षिणेंत 'जनता विमुक्ति पेरमुण' या सिंहली क्रांतिवाद्यांचें बंड पेटत होतें. उत्तरेचें ओझें भारताच्या खांद्यावर देऊन त्यांनीं आपलें सैन्य तिकडे वळविलें.

हार सुकण्यास दोन महिने लागले. वाघांनीं थोडीं शस्त्रें दिलीं, बाकीचीं ठेवून घेतलीं. १५ सप्टेंबरला थिलीपन् या त्यांच्या तरुण पुढाऱ्यानें नल्लूरच्या कंदस्वामीच्या देवळापुढें पाणीही न घेतां उपोषण आरंभिलें, आणि बाराव्या दिवशीं, २६ सप्टेंबरला, तो मेला. मागण्या भारताकडे होत्या. गांधींच्या देशापुढें गांधींचेंच शस्त्र उगारण्यांत आलें, आणि तें उगारणारे लोक मनानें गांधींपासून शेंकडों कोस दूर होते. पुढें ३ ऑक्टोबरला श्रीलंकेच्या आरमारानें वाघांच्या सतरा जणांस एका होडींत पकडलें, व त्यांस कोलंबोस नेण्याचा हट्ट धरला. भारताची मध्यस्थी फुकट गेली. ५ ऑक्टोबरला पलालीच्या तळावर त्यांनीं विष घेतलें, आणि त्यांतले बारा जण मरण पावले. त्यानंतर वाघांनीं पूर्वेकडील सिंहली रहिवाशांच्या हत्या आरंभिल्या. हमी देणाऱ्यापुढें आतां दोनच मार्ग उरले होते. हमी मोडली असें कबूल करून निघून जावें, किंवा ती शस्त्रानें पाळावी. दिल्लीनें दुसरा मार्ग धरला, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यांत जाफना घेण्याची मोहीम सुरू झाली.

या मोहिमेचा पहिलाच घाव आमच्यावर पडला. ११ ऑक्टोबरच्या रात्रीं जाफना विद्यापीठाच्या आवारांतील वाघांचें मुख्य ठाणें अचानक गांठावें म्हणून हेलिकॉप्टरांतून कमांडो व शीख लाइट इन्फन्ट्रीचे जवान उतरविण्यांत आले. बिनतारी संदेश वाघांच्या कानीं आधींच गेले होते. मैदान बंदुकांनीं वेढलेलें होतें. पुढचीं हेलिकॉप्टरें येऊं शकलीं नाहींत. त्या पायदळाच्या तीस जणांच्या तुकडींतील एकोणतीस लढत मेले. तिसावा दारूगोळा संपल्यावर कैद झाला. पुढले दोन आठवडे घराघरांतून, भुईसुरुंगांनीं भरलेल्या रस्त्यांवरून लढत महिन्याच्या अखेरीस आमच्या सैन्यानें शहर घेतलें. दोनशेंहून अधिक जवान या एका मोहिमेंत पडले. शहर हातीं आलें. प्रभाकरन् मात्र दक्षिणेकडील वन्नीच्या रानांत निघून गेला, आणि लढाई त्याच्यामागून तेथें गेली.

याच पंधरवड्यांतील दुसरी एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. २१ ऑक्टोबर हा त्या वर्षीं तामीळांच्या दिवाळीचा दिवस होता. त्या दिवशीं भारतीय सैन्य जाफन्याच्या सरकारी रुग्णालयांत शिरलें. आंतून आपल्यावर गोळीबार झाला, असें सैन्याचें म्हणणें. वाघ त्यापूर्वींच निघून गेले होते, असें वांचलेल्यांचें म्हणणें. रुग्ण, परिचारिका, डॉक्टर व नोकर मिळून साठांहून अधिक माणसें त्या दिवशीं व त्या रात्रीं मारलीं गेलीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कांहीं परिचारिकांना बरोबर घेऊन, हात वर करून, आम्ही शरण आहों असें सांगत बाहेर येणारा एक डॉक्टरही त्यांत होता. रणधुमाळींत मनुष्याचें भान सुटतें, शत्रु गणवेश घालीत नाहीं, आणि सोबती डोळ्यांदेखत मरतात, हें सर्व आम्ही जाणतों. तरीही आमच्या दिवाळीच्या फराळाच्या वेळीं त्या रुग्णालयांत काय चाललें होतें, हें आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत असावयास हवें. जालियनवाला बागेचा हिशेब मागणाऱ्या राष्ट्रानें आपला हिशेब चुकवूं नये.

आणि तितक्याच प्रामाणिकपणें आमच्या सैनिकांच्या शौर्याचीही आठवण ठेविली पाहिजे. मेजर रामस्वामी परमेश्वरन् यांचा जन्म १९४६ सालीं मुंबईंत एका तामीळ कुटुंबांत झाला. ते महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणींत होते. या रेजिमेंटची उभारणी १९४१ सालीं झाली, आणि तिच्यांत महाराष्ट्रांतल्या खेड्यापाड्यांतील मुलें पिढ्यान् पिढ्या भरती होत आलीं आहेत. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्रीं एका गांवाची झडती घेऊन परत येतांना त्यांच्या तुकडीवर अंधारांतून हल्ला झाला. परमेश्वरन् यांनीं गडबडून न जातां वळसा घेऊन हल्लेखोरांस पाठीमागून गांठलें. समोरासमोरच्या झटापटींत त्यांच्या छातींत गोळी लागली. तशा स्थितींत त्यांनीं समोरच्याची बंदूक हिसकावून त्यास ठार केलें, आणि प्राण जाईपर्यंत ते आपल्या माणसांस हुकूम देत राहिले. परमवीरचक्र हा सर्वोच्च मान या सबंध मोहिमेंत त्यांना एकट्यांनाच मिळाला. तामीळांच्या रक्षणासाठीं म्हणून गेलेल्या सैन्यांतला हा तामीळ घरचा, मुंबईचा अधिकारी तामीळ तरुणाच्या गोळीनें मरण पावला. त्या युद्धाचा सारा विपर्यास या एका मृत्यूंत सांठलेला आहे.

पुढल्या दोन वर्षांत आमच्या सैन्याची संख्या सत्तर हजारांच्या वर गेली, तरी काम संपेना. नोव्हेंबर १९८८ मध्यें उत्तर-पूर्व प्रांताच्या सभेची निवडणूक झाली, आणि वरदराज पेरुमाळ हे मुख्यमंत्री झाले. परंतु त्यांचें राज्य आमच्या संगिनींच्या सावलींतलें होतें. त्यांच्या मदतीसाठीं जें स्थानिक सैन्य उभारण्यांत आलें, त्यांत शाळेंतलीं मुलें बळजबरीनें ओढलीं गेलीं, आणि त्याचा दोष अर्थातच आमच्या माथीं आला. दक्षिणेंत सिंहली क्रांतिवादी भारतीय मालावर बहिष्कार पुकारून, करारास पाठिंबा देणाऱ्यांचे खून पाडीत होते. जानेवारी १९८९ मध्यें राष्ट्राध्यक्ष झालेल्या प्रेमदासांस हें परकें सैन्य घरांत नकोच होतें. १ जूनला त्यांनीं भारतीय सैन्यानें दोन महिन्यांच्या आंत निघून जावें असें जाहीर केलें. आणि वाघांशीं बोलणीं लावून, आमच्या सैन्याशीं व आम्हीं उभ्या केलेल्या तामीळ सैन्याशीं लढण्यासाठीं, त्यांस गुप्तपणें शस्त्रें पुरविलीं. ज्या दोघांचें भांडण मिटवावयास आम्ही गेलों, ते दोघे अखेर एका गोष्टीपुरते एक झाले. ती गोष्ट म्हणजे तिसऱ्यास बाहेर काढणें. म्हण उलटी फिरते ती अशी.

२४ मार्च १९९० रोजीं शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासच्या बंदरांत परतलेल्या सैनिकांच्या स्वागतास तामीळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधि गेले नाहींत. आपल्याच भाषाबांधवांशीं लढून आलेल्यांचें स्वागत कसें करावें, असा त्यांचा प्रश्न होता. त्यावर टीका पुष्कळ झाली. परंतु हुकूम पाळून परत आलेल्या शिपायानें त्या प्रश्नाचें काय उत्तर द्यावयाचें? हुकूम देणारे निराळे होते. जूनमध्यें श्रीलंकेचें सैन्य व वाघ पुन्हां एकमेकांशीं लढूं लागले, आणि ऑक्टोबरांत वाघांनीं उत्तरेंतील सत्तर हजारांवर मुसलमानांस कांहीं तासांच्या अवधींत घरादाराबाहेर हांकलून दिलें. २१ मे १९९१ रोजीं श्रीपेरुंबुदूर येथें राजीव गांधींची हत्या झाली; १ मे १९९३ रोजीं प्रेमदासही त्याच हातांनीं मारले गेले. एकानें वाघांविरुद्ध सैन्य पाठविलें होतें, दुसऱ्यानें वाघांस शस्त्रें दिलीं होतीं. शेवट दोघांचा एकच झाला. मे २००९ मध्यें श्रीलंकेच्या सैन्यानें वाघांचा समूळ निःपात केला व प्रभाकरन् मारला गेला. त्या अखेरच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मरण पावले असावेत, असें संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळानें म्हटलें.

भारतानें काय करावयास हवें होतें? १९७१ चें उदाहरण देऊन कांहीं जण विचारतात कीं, पूर्व बंगालांत जें साधलें तें येथें कां साधलें नाहीं? तेथें युद्ध तेरा दिवसांत संपलें, आणि मार्च १९७२ पर्यंत आमचें सैन्य परतलेंही. परंतु तेथें एका लोकसमूहानें निवडणुकींत एका पक्षास निःसंशय कौल दिला होता, आणि आमचें सैन्य गेलें तें त्या कौलाच्या मागून गेलें. त्याच १९७१ च्या एप्रिलमध्यें सिलोनांत तरुणांचें बंड झालें, तेव्हां पंतप्रधान सिरिमावो बंडारनायके यांच्या विनंतीवरून आमचीं हेलिकॉप्टरें व जहाजें गेलीं, पहारा करून परत आलीं, आणि कोणाच्या मनांत कडवटपणा राहिला नाहीं. काम नेमकें होतें, बोलावणारा एक होता, आणि मुदत थोडी होती. १९८७ सालीं या तिहींपैकीं एकही गोष्ट नव्हती. मराठ्यांनीं १७५२ च्या करारानें दिल्लीच्या पातशाहीस घरच्या व बाहेरच्या शत्रूंपासून राखण्याची हमी घेतली, त्या हमीचा रस्ता १७६१ सालीं पानिपतास पोंचला; आणि त्या दिवशीं उत्तरेंतले राजपूत व जाट बाजूस उभे राहून पाहत होते. दुसऱ्याच्या घरांतील शब्द दुसऱ्यानें पाळावा याची हमी आपल्या शिपायांच्या जिवावर देणें, हा व्यवहार तेव्हांही आतबट्ट्याचा ठरला होता.

याचा अर्थ शेजारीं आग लागली असतां स्वस्थ बसावें, असा आम्ही करीत नाहीं. निर्वासित आमच्या किनाऱ्यावर येत होते. अन्याय खरा होता. गप्प बसणें हाही एक पक्षच झाला असता. आणि त्या करारांतून कांहीं तरी टिकलें, हेंही कबूल केलें पाहिजे. प्रांतिक सभा व तामीळ भाषेची मान्यता यांस श्रीलंकेच्या राज्यघटनेंत जी जागा मिळाली, ती याच करारामुळें. आणि २०१३ सालीं उत्तर प्रांतानें आपली पहिली प्रांतिक सभा निवडली, ती त्याच जागेच्या आधारें. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, मध्यस्थानें आधीं आपला हात स्वच्छ ठेवावा. ज्यांच्या हातीं शस्त्र आहे त्यांची संमति मिळाल्यावांचून त्यांच्या वतीनें वचन देऊं नये. आणि सैन्य पाठविण्यापूर्वीं तें परत केव्हां व कशानें येईल, याचें उत्तर आपल्या लोकांस देतां आलें पाहिजे.

जाफना विद्यापीठांत शरीररचनाशास्त्र शिकविणाऱ्या रजनी तिरणगम या विदुषी होत्या. स्वतः तामीळ, पति सिंहली. एके काळीं त्यांची वाघांशीं सहानुभूति होती. भारतीय सैन्याच्या काळांत त्यांनीं व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनीं गांवोगांव हिंडून लोकांच्या साक्षी टिपल्या, आणि 'द ब्रोकन पामायरा', म्हणजे 'मोडलेला ताड', हा ग्रंथ लिहिला. त्यांत सिंहली सैन्याचे अत्याचार आहेत, आमच्या सैन्याचे आहेत, आणि वाघांचेही आहेत. कोणालाही सूट दिलेली नाहीं. २१ सप्टेंबर १९८९ रोजीं विद्यापीठांतून सायकलीवरून घरीं परततांना त्यांस गोळ्या घालून मारण्यांत आलें. वय अवघें पस्तीस. हें काम वाघांचें, असें सामान्यतः मानलें जातें. तिघांनीं तीन बाजूंनीं बंदुका धरल्या असतां ज्या एका व्यक्तीनें नुसती लेखणी धरली, तिला तिघांपैकीं कोणीही आपली मानली नाहीं.

कोलंबोजवळ कोट्टे येथें श्रीलंकेनें आमच्या मृत सैनिकांचें स्मारक उभारलें आहे. काळ्या दगडावर त्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. ज्या घरांतून तीं नांवें गेलीं, त्या घरांत तसबिरी आहेत. आपला मुलगा कशासाठीं मेला, हा प्रश्न त्या घरांनीं फारसा मोठ्यानें विचारला नाहीं, आणि राष्ट्रानेंही तो आपण होऊन काढला नाहीं. जाफन्याच्या रुग्णालयांतही अशाच तसबिरी आहेत. या दोन्हीं तसबिरींकडे एकाच वेळीं पाहण्याचें धैर्य आमच्या अंगीं येईल, तेव्हांच त्या बत्तीस महिन्यांचा इतिहास आम्हीं लिहिला असें म्हणतां येईल. तोंवर ती जुनी म्हण मुलांना शिकवितांना तिची दुसरी बाजूही त्यांस सांगावी, एवढें तरी आम्हां वडील माणसांच्या हातीं आहे.